वाचकांचे प्रश्न: बिल्ड करण्याआधी यंत्राला काय विचारावे?

गेल्या दोन महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याची निघाली. तयार पॅकेज न घेता सोर्सवरून, म्हणजे लिहिलेल्या मूळ कोडवरून, सॉफ्टवेअर बिल्ड करायला घेतले आणि ते मध्येच कुठेतरी अडले, असे त्यांचे सार होते. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून अशी सहा पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत. कमांड नागरी लिपीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत.

पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) किंवा लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) यंत्रात मुळीच नसेल तर फारसे बिघडत नाही, कारण तसा निरोप लगेच मिळतो आणि माणूस ती बसवून मोकळा होतो. दिवसच्या दिवस खातात ती दोनच प्रकरणे: वस्तू अर्धी असणे, किंवा वस्तू दोन ठिकाणी असणे. खालची बहुतेक पत्रे या दोहोंपैकी एका प्रकरणात मोडतात.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. प्रकल्पासाठी पायथनची एक ठरावीक आवृत्ती हवी होती, म्हणून उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर ती सोर्सवरून बिल्ड केली. ‘मेक’ (बिल्ड करणारी कमांड) कोणतीही चूक न दाखवता पूर्ण झाले, पायथन सुरूही होतो. पण पायथनची पॅकेजे उतरवणारा ‘पिप’ एकही पॅकेज उतरवत नाही आणि सुरक्षित जोडणीसाठीचे एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही असे सांगतो. माझ्या यंत्रात त्यासाठीची ओपनएसएसएल ही लायब्ररी आहे. ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ असे विचारले की ३.०.२ हे उत्तर येते. मग ते पायथनला का दिसत नाही?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: तुमच्या यंत्रात ओपनएसएसएल आहे हे खरे आहे आणि पायथनला ते मिळाले नाही हेही तितकेच खरे आहे. लिनक्सवर लायब्ररी सहसा दोन तुकड्यांत येते. आधीच बिल्ड झालेले प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणारी फाइल एका पॅकेजमध्ये असते. तुमच्याकडे ते ‘लिबएसएसएल३’ या नावाने आलेले आहे. नवा प्रोग्रॅम बिल्ड करताना मात्र आणखी तीन गोष्टी लागतात: कोणती फंक्शन आहेत हे कंपायलरला सांगणाऱ्या हेडर फाइल, लिंकर (सर्व तुकडे जोडणारे अवजार) ज्या नावाने लायब्ररी शोधतो ती आवृत्तीचा आकडा नसलेली दुव्याची फाइल, आणि बसवलेल्या लायब्ररींची माहिती देणाऱ्या ‘पीकेजी-कॉन्फिग’ या कमांडसाठीची छोटी माहिती-फाइल. या तिन्ही गोष्टी ‘लिबएसएसएल-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये अशा पॅकेजच्या नावाशेवटी ‘डेव्ह’ असते, तर फेडोरा आणि रेडहॅटच्या कुळात ‘डेव्हेल’. ठाण्यात तहसील कचेरीजवळची मिसळ रोज खाणाऱ्या माणसाला तिचा मसाला करता येतोच असे नाही, तसे हे आहे.

‘ओपनएसएसएल व्हर्जन’ ही कमांड ज्या प्रोग्रॅमला जाते तो स्वतःच एक चालता प्रोग्रॅम आहे. त्याने उत्तर दिले म्हणजे चालवण्याचा तुकडा जागेवर आहे, एवढेच सिद्ध होते. हेडर फाइलबद्दल त्याला काहीही ठाऊक नसते. विचारायला हवे ते ‘पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन ओपनएसएसएल’ असे. ती माहिती-फाइल ‘डेव्ह’ पॅकेजबरोबरच येत असल्यामुळे येथे आकडा आला तर बिल्डचा तुकडाही आहे असे धरायला हरकत नाही, आणि ‘सापडले नाही’ असे आले तर ‘मेक’ चालवून वेळ घालवण्यात अर्थ नाही. पायथन ३.१० पासून पुढच्या आवृत्त्यांना ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्याहून नवे लागते, तुमचे ३.०.२ आहे, म्हणजे आकड्याची अडचण नाही, अडचण आहे ती अर्ध्या तुकड्याची.

मग पायथनने आधीच का नाही सांगितले? त्याने सांगितले होते. पायथनच्या दृष्टीने एसएसएल, एसक्यूलाइट, बीझेड२ ही सारी ऐच्छिक मॉड्यूल आहेत. ती जमली नाहीत तर बिल्ड थांबत नाही. फक्त ‘मेक’च्या अगदी शेवटी, अमुक मॉड्यूलसाठी आवश्यक त्या गोष्टी सापडल्या नाहीत, अशी एक यादी छापली जाते आणि शेकडो ओळींच्या मागोमाग आलेली ती यादी कोणी वाचत नाही. ‘मेक’चे सगळे बोलणे ‘टी’ या कमांडने एका फाइलमध्ये साठवावे आणि संपल्यावर त्या फाइलच्या शेवटच्या तीस-चाळीस ओळी शांतपणे वाचाव्यात. प्रकल्पाच्या मुदतीचा विचार करता हे काम कंटाळवाणे वाटेल, पण तुमचा गेलेला आठवडा त्याने वाचला असता.

आता करायचे ते असे. ‘बिल्ड-इसेन्शियल’ (कंपायलर, ‘मेक’ वगैरेंचा संच) तुमच्याकडे असणारच. त्याच्या जोडीला एसएसएल, झेडलिब, एफएफआय, एसक्यूलाइट३, बीझेड२ आणि रीडलाइन यांची ‘डेव्ह’ पॅकेजे बसवा. त्यानंतर जुन्याच फोल्डरमध्ये नुसते ‘मेक’ पुन्हा चालवू नका, कारण बिल्डआधी यंत्राची तपासणी करणाऱ्या ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टने त्या वेळी मिळालेली उत्तरे नोंदवून ठेवलेली आहेत आणि नव्याने बसवलेल्या गोष्टींची त्याला खबर नाही. सोर्स नव्या फोल्डरमध्ये उलगडून ‘कॉन्फिगर’पासून सुरुवात करा. ‘मेक’ झाल्यावर, इन्स्टॉल करण्याआधी, त्याच फोल्डरमध्ये तयार झालेला पायथन उघडून एसएसएल मॉड्यूल इम्पोर्ट करा आणि त्याच्याकडून ओपनएसएसएलची आवृत्ती छापून घ्या, ती ३.०.२ आली की काम झाले. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ वापरा, म्हणजे ‘पायथन३’ हे नाव उबुंटूच्या स्वतःच्या पायथनकडेच राहील.

प्रश्न: शाळेच्या संगणक कक्षातील एका यंत्रावर एक गणिती सॉफ्टवेअर सोर्सवरून बसवायचे आहे. ‘जीसीसी --व्हर्जन’ला व्यवस्थित उत्तर येते, तरी ‘कॉन्फिगर’ म्हणतो की सी कंपायलरला चालणारी फाइल तयार करता येत नाही. कंपायलर समोर असताना असे का व्हावे?
— एक शिक्षिका, कोपरखैरणे

उत्तर: आपण ज्याला जीसीसी म्हणतो तो खरे तर मुकादम आहे. हाताखालचे एक अवजार सी भाषेचे असेंब्लीत रूपांतर करते, दुसरे त्याचे यंत्रभाषेत, आणि तिसरे, म्हणजे लिंकर, सर्व तुकडे जोडून चालणारी फाइल बनवते. ‘--व्हर्जन’ विचारल्यावर मुकादम आपले नाव आणि आकडा सांगतो. गडी कामावर आले आहेत की नाही हे त्यातून कळत नाही.

म्हणून आपण स्वतः एक चाचणी घ्यावी. मेन फंक्शन शून्य परत करते एवढ्या एका ओळीची सी फाइल लिहावी, ती कंपाइल करावी आणि तयार झालेली फाइल चालवून पाहावी. ‘कॉन्फिगर’देखील नेमके हेच करतो, त्याच्या चाचणीच्या फाइलचे नाव ‘कॉन्फटेस्ट’ असते. फरक इतकाच की तो मूळ चुकीचा निरोप पडद्यावर न दाखवता ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलमध्ये लिहितो. ही फाइल उघडल्यावर बहुतेक जण थेट तळाशी जातात आणि तिथे दिसणाऱ्या चलांच्या लांबलचक यादीने गोंधळतात. तळाकडून वर येत ‘कॉन्फटेस्ट’ हा शब्द शोधावा. त्याच्या जवळपासच खरी तक्रार इंग्रजीत एका ओळीत असते.

त्या ओळीत ‘सीआरटी१.ओ’ सापडत नाही असे असेल, तर जीसीसी बसवताना ‘लिबसी६-डेव्ह’ राहून गेले आहे. प्रोग्रॅमची सुरुवात करून देणारा तो छोटा तुकडा त्याच पॅकेजमधून येतो. कक्षातील यंत्रांवर जागा वाचवण्यासाठी कोणी शिफारस केलेली पॅकेजे वगळून जीसीसी बसवला असेल, तर असे होते. ओळीत एखादा अनोळखी पर्याय दिसत असेल, तर कोणीतरी कंपायलरचे पर्याय ठेवणारे ‘सीफ्लॅग्ज’ हे चल आधीच कशाने तरी भरून ठेवले आहे. आणि तक्रार फाइल तयार होण्याची नसून चालण्याची असेल, तर आपण ज्या डिस्कवर काम करता आहात ती ‘नोएक्झेक’ (तिच्यावरून प्रोग्रॅम चालू न देणाऱ्या) पर्यायाने जोडलेली असण्याची शक्यता आहे. शाळांमधून सर्वांसाठीचे सामायिक फोल्डर बरेचदा तसेच जोडलेले असते. तेव्हा सोर्स आपल्या होम फोल्डरमध्ये नेऊन पुन्हा पाहावे.

प्रश्न: आमची सहा जणांची कंपनी आहे. कारखान्यातील यंत्रांच्या नोंदी गोळा करणारा प्रोग्रॅम आम्ही उबुंटू २२.०४ वर बिल्ड करतो. एका ग्राहकाचा सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या लिनक्स प्रणालीचा आहे आणि तिथे आमचा प्रोग्रॅम ‘जीलिबसी २.३४ सापडले नाही’ असे म्हणून सुरूच होत नाही. आमच्यातील एकाचे म्हणणे आहे की आमच्या यंत्रातील नवी ‘लिबसी’ची (म्हणजे जीलिबसीची, सी भाषेच्या मूळ लायब्ररीची) फाइल त्या सर्व्हरवर टाकावी. हे योग्य आहे का?
— एक वाचक, महापे

उत्तर: नाही. ग्राहकाच्या सर्व्हरवर तर मुळीच नाही.

हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण म्हणजे पुष्कळ वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधील एका कार्यालयात मी स्वतः हा उद्योग केला होता. नवी फाइल आत आणण्याआधी जुनी बाजूला ठेवावी, या शहाणपणाने मी ‘लिबसी’च्या दुव्याचे नाव बदलले आणि एंटर दाबले. पुढची कमांड होती ‘एलएस’. ती चालली नाही, कारण ‘एलएस’लाही ‘लिबसी’ लागते. मग नाव पूर्ववत करायला ‘एमव्ही’ वापरायला गेलो, तर तीही त्याच कारणाने चालेना. ‘सीपी’, ‘सुडो’, ‘एसएसएच’, सगळे एका क्षणात निकामी झाले. उघड्या टर्मिनलमधले शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आधीच मेमरीत असल्यामुळे ‘सीडी’ आणि ‘एको’ या त्याच्या पोटातल्या कमांड तेवढ्या चालत होत्या, आणि त्यांचा उपयोग आपण कुठे उभे आहोत हे कळण्यापुरताच होता. शेवटी बचावाची सीडी घालून यंत्र सुरू केले आणि नाव बदलले. दुपार त्यातच गेली. तुमच्या ग्राहकाचा सर्व्हर कारखान्यात आहे. तिथे सीडी घेऊन जाणारे तुम्हीच असाल.

आता मूळ मुद्दा. जीलिबसी या लायब्ररीत प्रत्येक फंक्शनच्या नावाला ते कोणत्या आवृत्तीत आले किंवा बदलले त्याचा शिक्का जोडलेला असतो. प्रोग्रॅम बिल्ड होताना त्या यंत्रातील ताजा शिक्का उचलतो आणि सुरू होताना तोच शिक्का मागतो. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, सेंटओएस ७ मध्ये २.१७. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीत ‘पीथ्रेड’सारख्या वेगळ्या असलेल्या लायब्ररी मुख्य ‘लिबसी’त सामावून घेण्यात आल्या आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला. त्यामुळे मागच्या उत्तरातील एका ओळीचा प्रोग्रॅमसुद्धा तुमच्या उबुंटूवर नेहमीच्या रीतीने बिल्ड केला, तर तो सेंटओएस ७ वर चालणार नाही. तुमच्या कोडमध्ये दोष शोधत बसू नका. तो तिथे नाही.

जुन्या जीलिबसीवर बिल्ड केलेले नव्यावर चालते, नव्यावरचे जुन्यावर चालत नाही. यावरून रीत ठरते: ज्या ग्राहकांना प्रोग्रॅम द्यायचा त्यांच्यापैकी सर्वांत जुने यंत्र कोणते ते आधी विचारावे आणि तेवढ्याच जुन्या प्रणालीवर बिल्ड करावे. आवृत्ती कळण्यासाठी ग्राहकाला ‘एलडीडी --व्हर्जन’ ही कमांड चालवून पहिली ओळ पाठवायला सांगितले तरी पुरते. त्यासाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. सेंटओएस ७ चा कंटेनर (एका यंत्रातच दुसरी प्रणाली वेगळी चालवण्याची सोय) तुमच्या उबुंटूवरच चालेल. मात्र त्या प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली असल्यामुळे तिची पॅकेजे आता पॅकेज उतरवण्याच्या नेहमीच्या सर्व्हरवर (मिररवर) मिळत नाहीत, जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहातून घ्यावी लागतात.

तिथला मूळचा कंपायलर जीसीसी ४.८.५ आहे. तुमचा कोड सी++११ (सी++ भाषेचे २०११ चे प्रमाण) पर्यंतचा असेल तर तो पुरेल. सी++१७ असेल तर नाही. अशा वेळी ‘डेव्हटूलसेट’ या नावाने मिळणारा नवा कंपायलर वापरावा, जो नवी भाषा समजतो आणि तरी जुन्याच जीलिबसीशी जोडणी करतो. बिल्ड झाल्यावर फाइल पाठवण्याआधी ‘ऑब्जडंप’ ही कमांड मोठ्या टी या पर्यायासह चालवून त्यातील जीलिबसीच्या ओळी वेगळ्या काढाव्यात. त्यात २.१७ पेक्षा मोठा आकडा दिसला नाही, तर निर्धास्तपणे पाठवा. हे एका ओळीचे काम बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच घालून ठेवले तर उत्तम.

ग्राहकाला प्रणाली बदलायला सुचवणे हाही तुमच्या कामाचा भाग आहे, पण तो सल्ला प्रोग्रॅम चालू झाल्यावर दिलेला बरा.

प्रश्न: संशोधनासाठी एक सी++ सॉफ्टवेअर सीमेक या बिल्डच्या साधनाने बिल्ड करते आहे. कंपाइल होते, पण लिंक करताना ‘सीएक्सएक्स११’ हा शब्द असलेल्या पन्नासेक ओळी येतात आणि संदर्भ सापडत नाही असे सांगितले जाते. ज्या उपकरणाची मोजमापे वाचायची आहेत त्याच्या पुरवठादाराने दिलेली लायब्ररी जागेवर आहे. यंत्रावर कोंडा हे पॅकेजे बसवणारे साधनही आहे, त्याचा संबंध असेल का?
— एक संशोधक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर: कोंडाचा संबंध असू शकतो, म्हणून आधी तो निकाली काढू. ‘व्हिच -ए जी++’ ही कमांड चालवा. ‘-ए’ महत्त्वाचा आहे. त्याच्याशिवाय फक्त पहिला कंपायलर दिसतो, आणि आपल्याला सगळे पाहायचे आहेत. कोंडाच्या फोल्डरमधली ओळही दिसली तर तुमच्याकडे दोन कंपायलर आहेत आणि कोंडाचे वातावरण सुरू असताना त्याचा कंपायलर पुढे येतो. सीमेक सुरुवातीलाच आपण कोणता कंपायलर ओळखला ते छापतो. उबुंटू २२.०४ चा स्वतःचा असेल तर तिथे ‘जीएनयू ११.४.०’ असे काहीसे दिसेल. ती ओळ वाचण्याची सवय लावून घ्यावी. सीमेकने एकदा निवडलेला कंपायलर ‘सीमेककॅश’ या फाइलमध्ये नोंदलेला राहतो, नंतर तुम्ही ‘सीसी’ आणि ‘सीएक्सएक्स’ ही चले कितीही बदलली तरी तो त्या फोल्डरमध्ये जुनाच वापरतो. बिल्डचे फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करणे हाच उपाय.

तुमच्या त्रुटीचे मूळ मात्र बहुधा पुरवठादाराच्या लायब्ररीत आहे. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ पासून सी++च्या प्रमाण लायब्ररीतील स्ट्रिंग आणि लिस्ट या दोन प्रकारांची अंतर्गत रचना बदलली, आणि जुन्या-नव्याची चुकून सरमिसळ होऊ नये म्हणून नव्या रचनेच्या नावात ‘सीएक्सएक्स११’ ही खूण घालण्यात आली. तुमचा कोड नव्या नावाने फंक्शन मागतो आहे आणि लायब्ररीत ते जुन्या नावाने आहे, त्यामुळे लिंकरच्या दृष्टीने ही दोन वेगळी फंक्शन आहेत. लायब्ररी फार जुनी असायलाच हवी असे नाही. मागच्या उत्तरातील ‘डेव्हटूलसेट’ने सेंटओएस ७ वर बिल्ड केलेली लायब्ररी कंपायलर नवा असूनही जुनीच रचना वापरते.

खात्रीसाठी ‘एनएम’ ही कमांड मोठ्या सी या पर्यायासह त्या लायब्ररीवर चालवा आणि स्ट्रिंग घेणाऱ्या फंक्शनच्या नावात ती खूण आहे का ते पाहा. शेअर्ड लायब्ररी असेल तर मोठा डी हा पर्यायही जोडावा लागेल. खूण नसेल तर दोन वाटा आहेत. पुरवठादाराकडून नव्या रचनेची लायब्ररी मागवावी, ही चांगली वाट. दुसरी वाट म्हणजे ‘यूज सीएक्सएक्स११ एबीआय’ या शब्दांनी संपणारा जीसीसीचा मॅक्रो शून्य करून आपला सर्व कोड जुन्या रचनेत कंपाइल करणे. पण मग तुम्ही वापरत असलेली प्रत्येक सी++ लायब्ररी त्याच रचनेची हवी, आणि उबुंटूच्या पॅकेजमधून आलेल्या तशा नसतात. मी पुरवठादाराला आधी पत्र लिहीन.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो आहे. १९९६ साली हौसेने तिथी काढणारा एक प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला होता आणि तो इतकी वर्षे दर नव्या संगणकावर कंपाइल होत आला. नातवाने यंदा डेबियन १३ बसवून दिले आणि आता तोच प्रोग्रॅम त्रुटी दाखवतो. काहींत फंक्शन जाहीर न करता वापरले असे म्हटले आहे, तर काहींत एकच चल अनेकदा आले असे. माझ्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेले नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: आपला कोड बदललेला नाही, कंपायलरचा स्वभाव बदलला आहे, आणि तोही दोन टप्प्यांत. एकाच चलाची व्याख्या अनेक फाइलमध्ये केलेली जीसीसी पूर्वी निमूटपणे एकत्र करून घेत असे; २०२० च्या जीसीसी १० पासून तो तसे करत नाही. आणि जाहीर न केलेले फंक्शन वापरले तर ते पूर्णांक परत करते असे गृहीत धरण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणातूनच काढून टाकली गेली होती. जीसीसीने मात्र नंतर पंचवीस वर्षे नुसती ताकीद देत निभावून नेले आणि मे २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये ती त्रुटी ठरवली. डेबियन १३ मध्ये हाच जीसीसी १४ आहे. त्याआधीच्या डेबियन १२ वर १२ होता, त्यामुळे जाहीर न केलेल्या फंक्शनची अडचण आपल्याला तिथे दिसली नसती.

आज प्रोग्रॅम चालू हवा असेल तर ‘-एसटीडी=जीएनयू८९’ आणि ‘-एफकॉमन’ हे दोन पर्याय देऊन तो कंपाइल करावा. आपल्या काळच्या नियमांनी तो बहुधा पूर्वीसारखा तयार होईल. पण मी आपल्याला एखादी दुपार काढून कोडच दुरुस्त करावा असे सुचवीन. कारण असे की जाहीर न केलेले फंक्शन जर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करत असेल, तर कंपायलर त्याला पूर्णांक समजतो. ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटर ६४ बिटांचा असतो आणि पूर्णांक ३२ बिटांचा, म्हणजे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून जातो. १९९६ च्या यंत्रावर दोन्ही सारख्याच मापाचे असल्यामुळे ही चूक कधी अंगाशी आली नसणार. प्रत्येक फाइलच्या आरंभी योग्य हेडर घालावे, सामायिक चलांची व्याख्या एकाच फाइलमध्ये ठेवावी आणि इतरत्र ‘एक्स्टर्न’ लिहावे. यापलीकडे फारसे काम निघू नये, आणि तिथीच्या गणिताला तर हात लावायची गरजच नाही.

प्रश्न: एक लायब्ररी सोर्सवरून बिल्ड करून ‘यूएसआर-लोकल’ या फोल्डरमध्ये बसवली. तिच्यावर आधारलेला प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल झाला; पण चालवताना तीच लायब्ररी उघडता येत नाही असे सांगतो.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर: कंपाइल करताना लायब्ररी शोधणारा लिंकर आणि प्रोग्रॅम सुरू होताना शोधणारा लोडर हे वेगळे आहेत, आणि लोडर दर वेळी फोल्डर धुंडाळत नाही, आधी तयार करून ठेवलेली यादी पाहतो. नवी लायब्ररी बसवल्यावर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवून ती यादी ताजी करावी लागते. डेबियन आणि उबुंटूमध्ये एवढे पुरते. रेडहॅटच्या कुळात ‘यूएसआर-लोकल’मधले लायब्ररीचे फोल्डर त्या यादीच्या शोधकक्षेत मुळातच नसते, तिथे ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये त्याचा मार्ग लिहिलेली एका ओळीची फाइल आधी ठेवावी आणि मग तीच कमांड द्यावी.

लायब्ररी आधी कुठे शोधायची ते लोडरला सांगणारे ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे चल शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमचे लिहून ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तात्पुरत्या चाचणीसाठी तो ठीक आहे. कायमचा ठेवलात तर त्या फोल्डरमधील लायब्ररी त्या शेलमधून सुरू होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या वाट्याला येते, त्याला ती हवी असो वा नसो. यादी ताजी केल्यावर ‘एलडीडी’ तुमच्या प्रोग्रॅमवर चालवा आणि त्या लायब्ररीच्या नावापुढे कोणता मार्ग छापला जातो ते पाहा. तो ‘यूएसआर-लोकल’मधला नसून ‘यूएसआर-लिब’मधला निघाला, तर तुमच्या प्रणालीने तीच लायब्ररी तुमच्या आधीच, कदाचित जुन्या आवृत्तीत, बसवून ठेवलेली आहे. मग त्या दोहोंपैकी तुमच्या प्रोग्रॅमला कोणती हवी हे ठरवून दुसरी काढून टाकावी (प्रणालीची असेल तर तिचे ‘डेव्ह’ पॅकेज) आणि प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करावा.